बालकेंद्री शाळेत शिक्षकाने शिकवायचंच नसतं का?

शिकवायचं असतं, पण आधी मूल पाहायचं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली. मुलांनी हाताळून शिकायची महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. बियांचे ढीग मांडता मांडता मोजणी येते. त्याआधी आंघोळ, नखं, केस. हेही शिकवणाऱ्या बाईंचंच काम!

म्हणजे शिक्षकाचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. कोण गप्प आहे, कोण उपाशी आलंय, कोणाला घरची बोली सोडून काही कळत नाही, हे रोज टिपावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात ते कठीणच, हे मान्य.