कराओकेला जाताना पहिलं अक्षर पाठ ठेव

जपानी कराओकेला पहिल्यांदाच चाललायस ना? मग गाण्यांच्या नावांसोबत तोंडचे दोन शब्दही लिहून ने. तिथल्या टॅबलेटवर 'उताइदाशी', म्हणजे सुरुवातीच्या बोलांवरून शोधायची सोय असते. १९६१ चं 'उए ओ मुइते आरुको' घे: नाव 'उ'वरून, तोंडही 'उ'वरूनच. परदेशात ते 'सुकियाकी' म्हणून गाजलं, त्यामुळे पहिल्या खेपेला मी 'सु'मध्ये शोधत बसलो आणि तासावर भाड्याने घेतलेल्या खोलीचा अर्धा तास गेला!

अक्षरांचा क्रम अ-क-स-त-न-ह-म-य-र-व. ओळखीचा वाटतो? वाटणारच, तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेलाय. फक्त 'ग' वेगळा शोधू नकोस, तो 'क'च्याच रांगेत.

मंडळी 'शिरितोरी' खेळायला लागली, की आपली अंताक्षरीच समज. 'र'च्या गाण्यांचा साठा आधीच करून ठेव. अस्सल जपानी शब्द सहसा 'र'ने सुरू होत नाहीत, त्यामुळे बहुतेक उसन्या शब्दांवरच भागवावं लागतं. आणि शेवट 'न्'वर झाला की तू बाद. त्या अक्षराने शब्दच सुरू होत नाही. आपल्या 'ण'ला निदान 'न' तरी चालवून घेतात.