तांब्याचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि लूपमध्ये पांढरी जेली: रेडिएटर धुऊन परत वापरता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला राहता, कॉम्प्युटरच्या जुन्या एआयओचा (कारखान्यातूनच भरून सीलबंद येणाऱ्या वॉटर-कूलरचा) 240 मिमीचा रेडिएटर काढून कस्टम लूपला (स्वतः जोडलेल्या पाण्याच्या फेऱ्याला) जोडलाय, सीपीयू ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी जाणारा ठोकळा) तांब्याचा, पाणी घरच्या आरओचं. आठ महिन्यांत पाणी गढूळ झालं, ब्लॉकच्या ॲक्रिलिकमधून पांढरी जेली दिसतेय आणि गेम खेळताना सीपीयू 68 वरून 86 अंशांवर गेलाय. रेडिएटर धुऊन चालेल का?

नाही चालणार. रेडिएटर भंगारात घाला, ब्लॉक बहुतेक वाचेल.

एआयओचे रेडिएटर जवळपास सगळे ॲल्युमिनियमचेच असतात आणि त्यांच्या पंपाखालची प्लेट तांब्याची. मग कंपनीच्या एआयओत वर्षानुवर्षं काही होत नाही ते कसं, असं तुम्ही विचाराल. त्यात कारखान्यातच ग्लायकॉल आणि गंजरोधक घातलेलं असतं आणि लूप सीलबंद असल्याने नवी हवा जवळजवळ आत जात नाही. तुम्ही ते ओतून दिलंत आणि साधं पाणी भरलंत, तिथेच संरक्षण संपलं.

आता आत काय झालं ते पाहा. कागदावर ॲल्युमिनियमचं विभव (पाण्यात धातूचा विद्युत दाब; जितका उणे, तितका धातू लवकर झिजतो) उणे 1.66 व्होल्ट आणि तांब्याचं अधिक 0.34, म्हणजे फरक दोन व्होल्टचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते, म्हणून प्रत्यक्षात तो कमी भरतो. पण पाण्यातले क्लोराइड तीच साय फोडतात. “मधे रबराची नळी आहे, धातूला धातू लागतच नाही” असं बरेच जण म्हणतात. लागायची गरज नाही. ब्लॉकमधलं तांबं अगदी थोडं थोडं पाण्यात विरघळतं, फिरत फिरत रेडिएटरमध्ये जातं आणि ॲल्युमिनियमवर ठिपक्यांसारखं बसतं. प्रत्येक ठिपका ही एक छोटी बॅटरीच, आणि त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम खात जाते. म्हणून रेडिएटर सगळीकडे सारखा झिजत नाही, त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. तुमचा आज गळत नसेल, पण त्याची पत्र्यासारखी नळी कुठे किती उरलीय हे बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि खाली ग्राफिक्स कार्ड बसलंय.

ती जेली म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो थर चढतो, तो हा नव्हे. खात्री करायची तर चमच्यावर थोडी घेऊन वर व्हिनेगरचा थेंब टाका: क्षाराचा थर असेल तर फसफसेल, जेली गप्प बसेल. बाकी खुणाही लक्षात ठेवा. फिटिंगच्या कडेला हिरवट-निळा चुरा दिसला तर तांबं किंवा पितळ कळकतंय. नळीच्या आतून दुधाळ पापुद्रा म्हणजे पीव्हीसी नळीतून सुटलेलं प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन). बुळबुळीत धागे म्हणजे शेवाळ. तांबं नुसतं काळपट-तपकिरी पडलं असेल तर त्याला हातही लावू नका, त्याने काही बिघडत नाही.

ब्लॉक उघडण्याआधी फोटो काढा, विशेषतः मधल्या जेट प्लेटचा (पात्यांवर पाण्याची धार सोडणाऱ्या पट्टीचा). ती उलटी बसली तर तापमान सुधारायचं सोडून आणखी चढेल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. प्लेट टॉर्चखाली तिरकी धरलीत की बारीक पाती दिसतील. दोन पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि जेली तिथेच ठासून बसते. तुमचे 18 अंश तिथे गेलेत. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश यातलं काही नको. मऊ टूथब्रश, आणि तोही पात्यांच्या दिशेने, आडवा नाही.

प्लेट उघड्या तांब्याची, लालसर असेल तर ॲक्रिलिक आणि ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) बाजूला काढा. एक लिटर कोमट पाण्यात 30 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) विरघळवून प्लेट 10 ते 15 मिनिटं बुडवा, ब्रश मारा, लगेच बाहेर काढा. चिंच-मिठाने घासायचा मोह होईल, देवघरातल्या तांब्याला ते ठीक आहे. इथे मीठ म्हणजे परत क्लोराइड. पितांबरीची पूडही नको, पात्यांत अडकलेली पूड निघत नाही. नंतर लिटरला एक चहाचा चमचा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून प्लेट काढा आणि तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवा. प्लेट रुपेरी असेल तर ती निकेलची, म्हणजे कल्हईच समजा. तिला आम्ल लावू नका, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि ब्रश पुरे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं, तसंच निकेल उडालेल्या जागी इथेही होतं. सोलपटं निघत असतील तर ब्लॉक बदला. ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा थिनर कधीही लावू नका, महिन्याभरात तडे दिसतील.

पंपाचं टॉपही (वरचं झाकण) उघडून आतली पाणी ढकलणारी चकती धुवा. नळ्या नव्या घ्या, शक्यतो ईपीडीएम रबराच्या.

नवा रेडिएटर तांबं-पितळेचाच हवा. जाहिरातीत “कॉपर” लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. हातात घ्या, ॲल्युमिनियमचा त्याच मापाचा लक्षात येण्याइतका हलका लागतो. चुंबकाचा उपयोग नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. फिटिंग आणि रिझर्व्हॉयरचं (लूपच्या पाण्याच्या टाकीचं) झाकण यांनाही कानशीचा एक ओरखडा दिसणार नाही अशा जागी मारा: पिवळं किंवा लाल निघालं तर चालेल, आतपर्यंत पांढरं निघालं तर नको. लोक इथेच फसतात. रेडिएटर बदलतात आणि जी 1/4 चा (या लूपमधल्या आट्यांचं नेहमीचं माप) एक स्वस्तातला ॲल्युमिनियम अडॅप्टर तसाच ठेवतात. नव्या रेडिएटरमध्ये डाखाचं फ्लक्स (डाग देताना लावलेलं रसायन) राहिलेलं असतं. अर्धा भरून मिनिटभर हलवायचा आणि पांढऱ्या फडक्यातून ओतायचा. फडकं स्वच्छ राहीपर्यंत, साधारण पाच-सहा वेळा.

आता पाणी. आरओच्या मशीनला बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, म्हणजे चवीसाठी क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. सॉफ्टनरने कॅल्शियम जातं, क्लोराइड तिथेच राहतं. बॅटरीच्या दुकानातला पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घ्या, पण घरी आणून टीडीएस मीटर बुडवा. 0 ते 3 आलं तर ठीक, 10 च्या वर आलं तर कॅन परत करा. तुमच्या लूपमध्ये लिटरभरच मावेल, उरलेलं धुण्यात जाईल.

नुसतं डिस्टिल्डही भरू नका. पीसीसाठीचं तयार कूलंट घ्या किंवा कॉन्सन्ट्रेट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात. गाडीचं कूलंट वापरणार असाल तर त्यातल्या गंजरोधकाचं प्रमाण साधारण 33 ते 50 टक्क्यांसाठी बसवलेलं असतं. “पाच टक्के टाकलं तरी पुरतं” हे ऐकू नका. अर्धवट गंजरोधकाने सगळा पृष्ठभाग झाकत नाही आणि उघड्या राहिलेल्या जागी झीज एकवटते. तापमानात एखाद-दोन अंशांचा तोटा होईल, तो सोसा. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नका, जेल होऊ शकतं. एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, सांडलेलं लगेच पुसा, मुलं-कुत्री घरात असतील तर जास्तच. चांदीची कॉइल आणि मोरचूद ही जुनी शेवाळनाशकं निकेलला बाधतात, ती दोन्ही टाळा.

भरल्यावर मदरबोर्डची 24 पिनची केबल काढून ठेवा. तिच्यातली 16 नंबरची तार (बहुतेकदा हिरवी) शेजारच्या 17 नंबरच्या ग्राउंडशी जोडा, म्हणजे मदरबोर्ड चालू न होता पंप फिरेल. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू ठेवून 24 तास चालवा. फिटिंग हातानेच आवळा, पाना लावलात तर ओ-रिंग चिरते.

त्याच दिवशी त्यातलं थोडं कूलंट काचेच्या छोट्या बाटलीत भरून कपाटात ठेवा. दर तीन महिन्यांनी लूपमधलं 20 मिली काढून बाटलीशेजारी धरा आणि पीएचची पट्टी बुडवा. रंग वेगळा किंवा पीएच 7 च्या खाली आला तर वर्षाची वाट न बघता रिकामं करा. टीडीएस मीटर इथे कामाचा नाही, गंजरोधकच तो आकडा फुगवतो. एप्रिल-मेमध्ये खोली 38 अंशांवर असताना कूलंट 45 च्या पुढे जातं, झीज आणि बाष्पीभवन दोन्ही वाढतात, तेव्हा त्या दोन महिन्यांत पातळी आठवड्याला बघा. कमी झालेली पातळी डिस्टिल्ड पाण्याने भरा, कॉन्सन्ट्रेटने नाही. उडून जातं ते पाणी, गंजरोधक आतच असतं.