रक्तातील कॅल्शियम नॉर्मल असताना मुलाला मुडदूस कसा असू शकतो?

असे होणे शक्य आहे, किंबहुना ते बऱ्याचदा आढळते. ड जीवनसत्त्व कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. मग पॅराथायरॉइड ग्रंथींचे (गळ्यातील, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींचे) संप्रेरक वाढते, ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी सावरते, पण त्याच वेळी मूत्रपिंडांना फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायला लावते. फॉस्फेट घटल्यामुळे हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चेत खनिजे नीट साठत नाहीत, ती रुंदावते, मनगटे जाड दिसू लागतात आणि चालणाऱ्या मुलाचे पाय वाकतात. त्यामुळे केवळ कॅल्शियमच्या अहवालावर (तो कितीही दिलासादायक वाटो) विसंबू नये. फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या घडणीशी निगडित विकर), पॅराथायरॉइड संप्रेरक, ड जीवनसत्त्वाची पातळी आणि मनगटाचा एक्स-रे हे सारे बालरोगतज्ज्ञांनी एकत्रित पाहणे आवश्यक असते.