आजोबांची ट्रंक उघडण्यापूर्वी

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा मिळाला. १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या निमित्ताने, ऐरोलीत तुमच्या सोसायटीत फौजी घरांतल्या मुलांनी आपापल्या सैनिकाबद्दल बोलायचे ठरले आहे, तुझ्या वाट्याला दहा मिनिटे आली आहेत, आणि आजोबांबद्दल खात्रीने सांगता येतील अशी तुझ्याजवळ जेमतेम चार वाक्ये आहेत, हे तू प्रांजळपणे लिहिलेस याचा मला फार आनंद झाला. आजोबा जंगी पलटणीत लान्स नाईक होते, १९७१ च्या लढाईत पूर्वेकडे होते, तू दोन वर्षांची असताना गेले, आणि त्यांची काळी ट्रंक आजींच्या पलंगाखाली आहे. ही ती चार वाक्ये. पाचवे वाक्य मात्र तू चुलतभावाकडून घेतले आहेस: आजोबांनी एकट्याने शत्रूचा बंकर उडवला. हे भाषणात ठेवू का, असे तू विचारतेस.

ठेवू नकोस. असे का म्हणते ते सांगण्यासाठी मला माझ्या वडिलांकडे जावे लागेल.

माझे वडील सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. १९७१ च्या डिसेंबरात ते पठाणकोटच्या पुढे, शकरगडच्या आघाडीला शिधा आणि दारूगोळा पोचवणारी शक्तिमान गाडी चालवत होते. मी तेव्हा ठाण्यात पाचवीत होते. घरोघरी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, संध्याकाळनंतर सगळे अंधारात, आणि वर्गात रोज लढाईच्याच गप्पा. एके दिवशी मी सांगून टाकले की माझ्या बाबांनी रणगाडा फोडला. कुणी खोटे म्हटले नाही, म्हणून मी आणखी दोन फोडले. पुढच्या जुलैत वडील रजेवर आले, तेव्हा शाळेने त्यांना सन्मानाने बोलावले आणि मुख्याध्यापकांनी सगळ्या मुलांसमोर, माझ्याच शब्दांत, त्यांची ओळख करून दिली. वडील उठले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि म्हणाले, "मी गाडी चालवतो." एवढेच बोलून बसले. घरी आल्यावर ते रागावले नाहीत. पण त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी लढाईबद्दल घरात एक अक्षर काढले नाही.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून, ते आपणहून बोलले. दिवे न लावता गाड्या चालवायच्या असत. रस्ता दिसेनासा झाला की गाडीवरचा दुसरा जवान खाली उतरे, पाठीवर पांढरा टॉवेल बांधे आणि पुढे चालू लागे, आणि त्या टॉवेलकडे बघत वडील गाडी हाकत. परतीच्या खेपेला त्याच गाडीत जखमी असत. खड्डा आला की मागून आवाज येई, आणि तो आवाज येऊ नये म्हणून ते इतक्या हळू चालवत की पुढचा जवान पुन:पुन्हा थांबून त्यांची वाट बघे. त्या जवानाचे नाव त्यांना आठवत होते, गावही आठवत होते. हे सगळे मला माझ्या दहाव्या वर्षी ऐकता आले असते. माझ्या रणगाड्यांनी त्या पांढऱ्या टॉवेलला जागाच ठेवली नाही.

आता तुझ्या आजोबांच्या पलटणीकडे येते. जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ती १७६८ साली उभी राहिली. १९७१ मध्ये ती लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या नेतृत्वाखाली जमालपूरच्या लढाईत होती. हे गाव आज बांगलादेशात आहे, ब्रह्मपुत्रेच्या काठी. पलटण नदी ओलांडून गावाला वळसा घालून गेली आणि दक्षिणेला टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री गावातल्या पाकिस्तानी फौजेने त्याच रस्त्याने निसटण्याचा प्रयत्न केला, रात्रभर चकमक झाली आणि ११ तारखेला जमालपूर पडले. पुढे पुंगली पुलाजवळ हवाई छत्रीने उतरलेल्या आपल्या सैनिकांना जाऊन मिळाली ती हीच पलटण. आता नीट विचार कर. त्या रात्री मोर्चे धरून बसले होते ते मराठे, आणि चाल करून आले होते ते पाकिस्तानी. चुलतभावाचा बंकर या रात्रीत बसत नाही. तो दुसऱ्या एखाद्या दिवशीचा असेल, किंवा तो कुणी चित्रपटातून उचलला असेल. आजोबांना वीरचक्र वा सेना मेडल मिळाले असते तर त्याची राजपत्रात नोंद असती. नोंद नाही म्हणून पराक्रमच नाही, असे मात्र मुळीच समजू नकोस. अंधारात, डिसेंबरच्या गारठ्यात, खणलेल्या खड्ड्यात बसून समोरून येणाऱ्या माणसांची वाट बघणे हे काय असते, याची कल्पना तुला आणि मला करता येणार नाही, आणि त्याबद्दल कुणी वैयक्तिक पदक देत नाही.

म्हणून भाषणाच्या वहीत दोन पाने वेगळी ठेव. एका पानावर, आजोबांबद्दल कागदावर किंवा वस्तूवर जे दिसते ते. दुसऱ्यावर, कुणीतरी सांगितलेले, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणी सांगितली, सांगणाऱ्याने स्वत: आजोबांच्या तोंडून ऐकली होती का, हे लिही. बंकर दुसऱ्या पानावर राहू दे, चुलतभावाच्या नावासह.

पहिल्या पानासाठी ट्रंक उघडावी लागेल. आजी समोर असताना आणि त्यांनी हो म्हटल्यावरच उघड. ती वस्तू त्यांची आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असेल, ते आधी जसेच्या तसे उतरवून घे, कारण पुढच्या सगळ्या शोधात नावापेक्षा तो नंबर उपयोगी पडतो. आत डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, असेल तर भरतीची तारीख, सेवेचा काळ आणि मिळालेली पदके त्यात सापडतील. पूर्वेकडच्या आघाडीवर होते म्हणजे 'पूर्वी स्टार' हे पदक असायला हवे, आणि त्या युद्धासाठी दिलेले संग्राम मेडलही. पदके भिंगाखाली धरून त्यांची कड बघ. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती चिंचेने किंवा कसल्याही पावडरीने घासू नकोस. वडील गेल्यावर मी प्रेमापोटी त्यांची पदके चिंचेने लखलखीत केली, आणि आज त्यांच्या नावातली दोन अक्षरे बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत.

पत्रे मिळाली तर पाकिटावरचा शिक्का आणि तारीख बघ. आघाडीच्या जवानाचा पत्ता म्हणून मारफत ९९ एपीओ किंवा ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असे लिहिलेले असते. गावाचे नाव मुद्दामच नसते. ९९ असेल तर ते पूर्वेकडचे. खाडीजवळच्या तुमच्या घरात दमट हवा असते, तेव्हा कागद प्लास्टिकमध्ये कोंडू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात करू नकोस. साध्या कागदी पाकिटात ठेव आणि वर पेन्सिलीने लिही. डिस्चार्ज बुक नसेलच, तर पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, आणि तिथे आजींच्या नावाने अर्ज कसा करायचा ते ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजेल.

तू लिहिले आहेस की गाव माणगाव तालुक्यातले. मग गणपतीला जाताना माणगावचा पुतळा तुझ्या नजरेतून सुटलेला नसेल. नाईक यशवंत घाडगे याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना ते वयाच्या बाविसाव्या वर्षी गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इतक्या लांबून, तेही बाविसाव्या वर्षी, आपल्या तालुक्यात नाव परत यावे ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक गावांत आणखी एक वस्तू आढळते: पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेली दगडी पाटी. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धाला इतकी माणसे गेली, त्यांतली इतकी मेली, एवढाच मजकूर. नाव एकाचेही नाही. मला ती पाटी दिसली की दरवेळी थांबावेसे वाटते. गेलेल्यांची निदान मोजणी तरी झाली. परतलेल्यांचे काय झाले, ते शेतावर गेले की गिरणीत, रात्री दचकून उठत का, हे विचारणारे कुणी नव्हते. तुझे आजोबा परतलेल्यांपैकी आहेत. त्यांच्या नावाचा दगड कुठेच नसणार. ते जे काही उरले आहे ते त्या ट्रंकेत आणि आजींजवळ.

आणि इथे मला तुझ्या मसुद्याबद्दल खरी तक्रार करायची आहे. दोन पानांत आजींचा उल्लेख एकदाही नाही. १९७१ मध्ये त्या किती वर्षांच्या होत्या, पदरात कोण होते, मनीऑर्डर कुठल्या तारखेला येई आणि त्या महिन्यात आली का, हे तू त्यांना विचारले नाहीस. त्या काळी दारात तार आली की ती उघडण्याआधीच घरातल्या बायका रडू लागत. शिकलेला माणूस शोधून ती वाचून घेईपर्यंत चूल पेटत नसे. १७ डिसेंबरला सगळीकडे शस्त्रसंधी झाली, तरी आपला माणूस जिवंत आहे हे पत्र हातात पडेपर्यंत त्या घराला कळले नसणार. ते दिवस आजोबांच्या युद्धाचाच भाग आहेत, आणि त्यांची एकमेव साक्षीदार तुमच्या हॉलमध्ये बसून भाजी निवडते आहे.

त्यांच्याशी बोलताना फोन रेकॉर्डिंगवर ठेव, पण त्यांना सांगून. सुरुवातीला तारीख आणि जागा बोलून ठेव. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. "आजोबा शूर होते ना?" असे प्रश्न नकोत, त्यांना एकच उत्तर असते. थंडीचे कपडे कोणते होते, रजेवर आल्यावर पहिल्या दिवशी काय खाल्ले, कुठला पदार्थ पुढे कधीच खाल्ला नाही, असे विचार. त्या गप्प झाल्या तर तूही गप्प बस. रेकॉर्डिंग बंद करण्याची घाई नको आणि दुसऱ्या प्रश्नाचीही नको. रडू आले तर पाणी आणून दे आणि त्या दिवशी ते तिथेच थांबव.

तुमच्या कार्यक्रमात अशीही मुले असतील ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेल्या आपल्या नौदलाच्या खुक्री या एका जहाजावर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. अशा घरांत सांगण्यासारखे फार थोडे असते, कारण जो सांगणार होता तोच आला नाही. तुमच्यापैकी कुणी दोनच वाक्ये बोलून खाली बसले, तर त्याला आणखी बोलण्याचा आग्रह होऊ देऊ नकोस. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला हे आधीच सांगून ठेव.

दहा मिनिटे भरली नाहीत तरी चालेल. चार मिनिटांचे बोल. जमालपूरची ती रात्र नकाशासह सांग, ट्रंकेवरचा नंबर वाचून दाखव, आणि आजोबा त्या रात्री पलटणीत नेमके कुठे होते ते ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांग. तुझा चुलतभाऊ नाराज होईल. त्याला भाषणाआधी भेट, चारचौघांत खोटे पाडू नकोस. त्याचेही आजोबाच आहेत आणि त्याचेही प्रेमच आहे. मलाही दहाव्या वर्षी वडिलांचे प्रेमच होते.

पुढच्या रविवारी सकाळी ये. ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरलीस की नौपाड्यात माझे घर चालत दहा मिनिटांवर आहे. ट्रंक आणू नकोस, झाकणाचा आणि पदकांच्या कडेचा फोटो काढून आण. तोवर आजींना एकच विचारून ठेव: आजोबांची पत्रे त्यांना कोण वाचून दाखवत असे, आणि वाचणाऱ्यासमोर जे विचारता येत नव्हते ते त्या उत्तरात कसे लिहवून घेत असत.

तुझी,
बाई