नांगरट बंद केल्यावर पहिल्या वर्षी उतारा घटतो का?

पाच एकर कोरडवाहू काळ्या रानात सोयाबीन-हरभरा घेताना नांगरट थांबवली तर उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, घटेल का आणि घरच्यांना कसे पटवावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या वर्षी उतारा घटू शकतो. हिंगोली जिल्ह्यातील माझ्या रानात 2020 च्या खरिपात सोयाबीन एकरी सात क्विंटलांवरून साडेपाचवर आले, मात्र नांगरट आणि रोटाव्हेटर (माती बारीक करणारे ट्रॅक्टरचे फिरते अवजार) यांचे एकरी सुमारे तीन हजार रुपये वाचले. घरच्यांना पटवण्याविषयी लिहायचे तर ते माझे जुने दुखणे आहे.

माझे काका स्वतःच्या ट्रॅक्टरने गावभर नांगरट करून देतात. मी रायगड जिल्ह्यातील नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्राप्रमाणे, म्हणजे नांगरटीविना शेतीच्या पद्धतीने, साडेचार फुटी गादीवाफे (उंच वाफे) एकदाच पाडले, टोकण केली, म्हणजे भोके पाडून बी टाकले, आणि पुढे हरभरा उपटण्याऐवजी विळ्याने कापून मुळे जागीच ठेवली, तेव्हा 2021 च्या पोळ्याला काका पारावर चारचौघांत म्हणाले, "आळसाला आता तंत्र म्हणतात." ते शब्द मी विसरलेलो नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमच्या रानांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आहे. त्यावर उभा राहिलो तर काकांच्या बाजूने चहाच्या रंगाचे पाणी ओघळ पाडत नाल्याकडे धावत होते आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे होते. माझ्या सऱ्यांमधून निवळ पाणी सावकाश उतरत होते आणि वाफ्यांचे माथे उघडे होते. शेंगांना कोंब माझ्याही आले, कारण वरून कोसळणारा पाऊस कोणतेही तंत्र अडवू शकत नाही. पण माझी माती माझ्याच रानात राहिली. कुजलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्यांतून आणि गांडुळांच्या बिळांतून पाणी खाली जाते. रोटाव्हेटरने मातीची भुकटी होते, पहिल्या जोरदार पावसात तिचा पापुद्रा बसतो आणि खाली चार-सहा इंचांवर कडक थर धरतो. काळ्या रानाचे याहून अधिक नुकसान दुसऱ्या कोणत्याही अवजाराने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तणाविषयी मात्र सांगायलाच हवे. पहिली दोन वर्षे मला तणनाशक वापरावे लागले, त्यामुळे याला सेंद्रिय शेती म्हणू नये. लव्हाळा किंवा हराळी माजलेल्या तुकड्यात सुरुवात करू नका. दावणीला जनावरे असतील तर रानात किती कुटार (मळणीनंतरचा भुसा) सोडायचे, हे आधी ठरवा.

घरच्यांशी वाद घालू नका. एक एकर नांगरट न करता वेगळा ठेवा आणि पावसाने उघडीप दिली की दोन्हीकडे लोखंडी सळई हाताने रोवून दाखवा. माझ्याकडे ती हातभर जाते, धुऱ्यापलीकडे वितीवर अडते. काकांनी ती एकदा स्वतःच्या हाताने रोवून पाहावी, असे मी त्यांना तीन पावसाळे सांगत आलो आहे.