पाला उडवायचा पेट्रोल ब्लोअर धापा टाकतोय? कार्बोरेटर राहू दे

आधी टाकीतलं पेट्रोल बघ. महिन्याहून जुनं असेल तर काढून टाक आणि टू-स्ट्रोक मशीन असेल तर ऑइल मिसळलेलं ताजं भर. प्रमाण पुस्तिकेतलंच, बहुधा 50:1 किंवा 40:1 (म्हणजे 50 किंवा 40 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल). एअर फिल्टरही साफ कर.

चोक ओढला तरच चालतो, सोडला की बंद? म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. टाकीतला फिल्टर, मग तडकलेली नळी, शेवटी कार्बोरेटर.

रेस न देता ठीक, पण रेस दिली की गुदमरतो? सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी काढ. काजळीने बुजली असेल, वायर ब्रशने घास. हे कळेपर्यंत मी उगाच दोन स्पार्क प्लग बदलले होते! फक्त इंजिन पूर्ण गार होऊ दे, आणि प्लगची टोपी काढूनच हात घाल.