गोल्डन, शित्झू आणि गावठी: तिघांना एकच वेळापत्रक लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातला फ्लॅट, घरात तीन कुत्री. चार वर्षांचा गोल्डन रिट्रिव्हर, दहा महिन्यांची शित्झू आणि रस्त्यावरून आणलेली गावठी. ग्रूमर तिघांसाठी दर पंधरा दिवसांनी आंघोळीचं पॅकेज देतोय आणि उन्हाळ्याआधी गोल्डनचे केस मशीनने काढा म्हणतोय. तर कुणाचं काय आणि किती दिवसांनी करायचं?

पंधरा दिवस शित्झूला चालतील. गोल्डनला ते फार होतात, आणि गावठीला तर आंघोळीची इतकी गरजच नाही. गोल्डनला मशीन लावायचं नाही, ते का ते खाली सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. ग्रूमिंग म्हटलं की आपल्याला आंघोळच आठवते. आंघोळ हे त्यातलं फक्त एक काम. विंचरणं, आंघोळ, कातरणं आणि नखं-कान ही चार वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची लय वेगळी. केसांच्या जातीप्रमाणे सगळ्यात जास्त फरक पडतो तो विंचरण्यात.

शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे बराच काळ वाढत राहतात, म्हणून ते कातरावे लागतात. गोल्डन, लॅब, गावठी यांचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, थांबतात आणि गळतात. ‘शित्झूचे केस गळत नाहीत’ हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. गळतात, पण सोफ्यावर पडण्याऐवजी शेजारच्या लांब केसांत अडकून बसतात आणि तिथेच गुंता धरतो. म्हणजे लॅबवाल्याचे कष्ट झाडूत जातात, शित्झूवाल्याचे कंगव्यात.

गावठीचं पटकन सांगून टाकतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं रबरी ब्रश गोल फिरवायचा, मग ओलसर फडक्याने अंग पुसायचं. आंघोळ दीड-दोन महिन्यांनी, किंवा ती कशात तरी लोळून आली तर. बीगल, डॉबरमन, डॅशहुंड, कारवान, मुधोळ यांनाही हेच. तारांचा स्लिकर ब्रश यांच्यावर वापरू नका. आखूड केसांतून तारा थेट कातडीला लागतात आणि कारवान-मुधोळची कातडी तर मुळातच पातळ. पश्मी, म्हणजे झालरवाला कारवान असेल तर कान, पाय आणि शेपटीची झालर तेवढी कंगव्याने विंचरायची. आंघोळीनंतर तीन-चार दिवसांत वास परत येत असेल, तर तो मळाचा वास नाही. कान, दात, गुदाजवळच्या ग्रंथी किंवा कातडीवरचं यीस्ट, यातलं काहीतरी आहे. तिथे आणखी एक आंघोळ घालण्यापेक्षा डॉक्टरला दाखवणं स्वस्त पडतं.

गोल्डनचा कोट दुहेरी. वर लांब, जरा राठ, पाणी झटकणारे केस आणि आत मऊ लोकर. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा विंचरलं की पुरे. लोकर सुटायला लागली की रोज दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडे कडक हिवाळा नसल्यामुळे आणि घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असल्यामुळे ही गळती वर्षभर थोडी थोडी चालू राहते. तारीख बघत बसू नका. मांडीमागचा एक पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढा. लोकरीचा गोळा हातात आला तर रोजचं काम सुरू.

हत्यारं तीन: स्लिकर, लोखंडी कंगवा आणि अंडरकोट रेक, म्हणजे आतली सुटलेली लोकर ओढून काढणारा लांब दात्यांचा कंगवा. गळती थांबवणारं म्हणून जे दातेरी पात्याचं हत्यार विकतात, ते जपून वापरा. एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढलं की लोकरीबरोबर वरचे चांगले केसही तुटतात आणि पाठीवर कुरतडल्यासारखे पट्टे दिसतात. हमखास राहून जाणाऱ्या जागा म्हणजे कानामागचे मऊ केस, गळपट्ट्याखालचा भाग, काख आणि मांड्यांमागची झालर. पाठ चकचकीत आणि काखेत जटा, असे गोल्डन ढिगाने दिसतात, कारण पाठ विंचरणं सोपं. आंघोळ सहा ते आठ आठवड्यांनी. रोज चिखलात जात असेल तर चार.

आता मशीन. कुत्रा आपल्यासारखा सर्वांगाने घामेजून थंड होत नाही. तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकत उष्णता घालवतो, घाम येतो तो फक्त तळपायांना. त्यामुळे केस काढून त्याला आपल्याला वाटतो तसा गारवा मिळत नाही, उलट ऊन थेट कातडीवर येतं. दुसरं नुकसान नंतर कळतं. आतली लोकर लवकर वाढते, वरचे केस सावकाश. मधल्या महिन्यांत अंगावर कापसासारखा, पाणी धरून ठेवणारा, सहज गुंतणारा कोट येतो. काही कुत्र्यांचे केस महिनोन्महिने येतच नाहीत. पॉमेरेनियन आणि हस्की यात बदनाम आहेत. जर्मन शेफर्डलाही हाच नियम, आणि लॅबचा कोट आखूड असला तरी दुहेरीच असतो, हे बरेच जण विसरतात.

उन्हाळ्यासाठी करायचं ते एवढंच: सुटलेली लोकर पूर्ण काढायची, म्हणजे केसांतून हवा खेळते. पोटाखालचे केस आखूड केले तर फरशीवर पसरल्यावर गारवा लागतो, ते चालेल. पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापायचे, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकतात. मांडीची झालर कात्रीने आखूड केली तरी हरकत नाही. ऑपरेशन, कातडीचा आजार किंवा सर्वांगावर जटा, एवढ्याच कारणांसाठी पूर्ण मशीन.

शित्झूकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण दहा महिने हे नेमकं अवघड वय आहे. पिल्लाचं मऊ जावळ जाऊन मोठा कोट येण्याचा हा काळ. दोन्ही प्रकारचे केस एकमेकांत अडकतात आणि काल मोकळी असलेली काख आज घट्ट झालेली असते. दोन-तीन महिने रोज विंचरावं लागेल, नंतर काम हलकं होतं. या टप्प्यावर कंटाळून लोक पूर्ण मुंडण करून आणतात. तोही मार्ग आहे, आणि शित्झूच्या कोटाचं त्याने गोल्डनसारखं नुकसान होत नाही.

विंचरताना बहुतेकांची चूक एकच: ब्रश वरवर फिरतो. वरचा थर रेशमी दिसतो आणि खाली कातडीलगत नमदा तयार होत असतो. म्हणून भांग पाडत विंचरायचं. तिला कुशीवर झोपवा. पोटाकडून सुरुवात करा. एका हाताने केस वर दाबून धरा आणि कातडीची रेघ दिसेल असा भांग पाडा. त्या रेघेखालचे अर्धा-एक इंच रुंदीचे केस आधी टोकाकडून, मग मधून, मग मुळापासून विंचरा. मग पुढचा भांग, थोडा वर. असं पाठीच्या कण्यापर्यंत. कोरडे केस तुटतात, म्हणून फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि किंचित कंडिशनर घालून आधी हलका फवारा मारा. शेवटी लोखंडी कंगवा मुळापासून टोकापर्यंत घाला. कुठेही न अडकता गेला तर काम झालं. अडकला तर झालेलं नाही, मग ती कितीही छान दिसो.

जट सापडली तर तिच्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, बोटांनी उभी फाडत दोन-चार भाग करा आणि कंगव्याच्या टोकाने बाहेरच्या कडेपासून सोडवा. मुळाशी केस दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कात्री मात्र लावायची नाही. जटेत कातडी तंबूसारखी वर ओढली गेलेली असते, आपण केस समजून कापतो आणि टाके घालायची वेळ येते. जट कातडीला चिकटून सपाट बसली असेल तर क्लिपरच, म्हणजे केस काढायचं मशीन. दहा नंबरचं ब्लेड दीड मिलिमीटर केस ठेवतं, ते जट आणि कातडीच्या मधून सपाट सरकवायचं. दर काही मिनिटांनी ब्लेड आपल्या मनगटाला लावून बघा. ब्लेड तापून भाजलेले डाग हे ‘ॲलर्जी झाली’ म्हणून सांगितले जातात. कानावरची घट्ट जट काढल्यावर कुत्री जोरजोरात कान झटकते आणि कानाची पाळी रक्ताने फुगू शकते. एक-दोन दिवस लक्ष ठेवा आणि फुगलीच तर डॉक्टरकडे न्या.

क्रमही महत्त्वाचा. विंचरून मग आंघोळ. उलट केलं तर पाणी आणि चोळण्याने प्रत्येक छोटी गाठ आवळून पक्की जट होते. शित्झूला आंघोळ दोन ते तीन आठवड्यांनी. शाम्पू कुत्र्यांचाच, त्यांच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा जास्त, उदासीनच्या आसपास असतो, आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर एक भाग शाम्पूला दहा भाग पाणी घाला, पातळ केलेला मुळापर्यंत पोचतो आणि धुवूनही निघतो. डॉक्टरने औषधी शाम्पू दिला असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. दोन मिनिटांत धुतला तर पैसे मोरीत. लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुण्याला द्या. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर ठेवून त्याच वेळी विंचरत वाळवा. आपोआप वाळू दिलं की केस कुरळे होत गुंततात.

कातरणं चार ते सहा आठवड्यांनी. डोळ्यांसमोरचे आणि गुदाभोवतीचे केस मध्ये एकदा घरी, बोथट टोकाच्या कात्रीने. रोज पंधरा मिनिटं देणारं घरात कुणी नसेल तर लांब कोटाची हौस सोडा. सगळीकडे सेंटीमीटरभर ठेवला तर आठवड्यातून तीनदा विंचरून भागतं. पूडललाही हेच वेळापत्रक. गोल्डनडूडलसारख्या संकरात पूडलचे वाढणारे केस आणि गोल्डनची लोकर दोन्ही येऊ शकतात, तो सगळ्यात मेहनतीचा कोट. तारेसारख्या राठ केसांचे टेरियर आपल्याकडे कमीच, त्यांचे मेलेले केस हाताने उपटून काढण्याची वेगळी पद्धत आहे.

पावसाळ्यात लोक आंघोळी वाढवतात, आणि तिथेच चुकतं. ठाणे-मुंबई-कोकणच्या दमट हवेत गोल्डनची आतली लोकर रात्रभर ओली राहिली की कातडी लाल होते, कुत्रा चाटत-चावत बसतो आणि सकाळी ओला, चिकट चट्टा दिसतो. फिरून आल्यावर फक्त पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. अंग भिजलंच असेल तर ब्लोअरने मुळापर्यंत वाळवा. वरून हात लावून कळत नाही, बोटं केसांत खुपसून बघा.

गोचिडी शोधायची वेळही विंचरण्याचीच: कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, बेचक्यांत. सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडीचा चटका असलं काही नाही. टी ट्री तेल तर अजिबात लावू नका, कुत्र्याला त्याची विषबाधा होते. मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध वापरत असाल तर आधी आणि नंतर 48 तास आंघोळ नको, आणि ते केसांवर नाही, भांग पाडून कातडीवर टाकायचं. गोचिडीची गोळी देत असाल तर आंघोळीने फरक पडत नाही.

नखं तिघांचीही तीन-चार आठवड्यांनी. फरशीवर टकटक आवाज आला म्हणजे उशीर झाला. गावठीची रस्त्यावर झिजतात, पण आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला लागतच नाही, ते गोल वळून मांसात घुसतं. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून मिलिमीटरभराच्या चकत्या काढत जा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरा, चुरचुरेल पण थांबेल. कान आठवड्याला फक्त बघायचे. मळ दिसला तरच कान साफ करायचं द्रावण आणि कापूस, काडी नाही. तपकिरी घाण आणि वास असेल तर साफ करत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

पॅकेज घ्यायचंच तर शित्झूपुरतं, महिन्यातून एकदा आंघोळ आणि कातरणं मिळून घ्या. मधली आंघोळ घरी. ग्रूमरला पैसे देण्याआधी विचारा की तो पिंजऱ्यात ठेवून गरम हवेने वाळवतो का. शित्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उष्णता आधीच सोसत नाही, आणि बंद पिंजऱ्यात ती जीवघेणी ठरते. ‘हो’ म्हणाला तर दुसरा ग्रूमर बघा.